जाधव सिस्टरांचं ‘माहीत नाही’

परवा कल्याणला आमच्या नर्सिंग कॉलेजात फर्स्ट इयरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, श्वास खरंच मोजायचे असतात का? वॉर्डात तर सगळ्यांचे वीसच लिहितात." वर्ग फिस्सकन हसला. मी तशी तोंडाळ बाई, रागवायला मला फार निमित्त लागत नाही. पण त्या दिवशी मी आपली हातात खडू घेऊन उभी. पोरींना वाटलं असेल मॅडमचं बीपी वाढलं. खरं म्हणजे मला जाधव सिस्टर आठवल्या, आणि त्या आठवल्या की माझं असंच होतं. त्यांच्याकडून मी सगळं शिकले असं मी चारचौघांत सांगते, पण नक्की काय शिकले असं कुणी विचारलं तर धड उत्तर देता येत नाही.

ठाण्यात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी लागले तेव्हा जाधव सिस्टर बायकांच्या वॉर्डात सीनियर होत्या. वर्तकनगरला राहायच्या. वडील वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात कामाला होते, पाच भावंडांत ह्या थोरल्या. बुटक्या, रुंद बांध्याच्या, चालताना किंचित उजवीकडे कलायच्या. खिशात नेहमी तीन वस्तू: नेलकटर, छोटा कंगवा आणि कागदात गुंडाळलेला आलेपाक. नेलकटर नि कंगवा पेशंटसाठी, आलेपाक स्वतःसाठी. मागितला तर द्यायच्या, पण अर्धाच.

माझा पहिला आठवडा. मी सकाळचे सगळे चार्ट दहा मिनिटांत भरून टाकलेले आणि स्वतःवर जाम खूश. जाधव सिस्टर आल्या, एकेक चार्ट उलटत गेल्या, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सावंत, बावीस बायका एकाच ठेक्यात श्वास घेतायत. भजनी मंडळ आहे का हे?"

ताप थर्मामीटर सांगतं, बीपी मशीन सांगतं, पण श्वासाला मशीन नसतं, निदान आमच्या वॉर्डात तेव्हा नव्हतं. पेशंटच्या छातीकडे बघत अख्खं मिनिट उभं राहावं लागतं. त्यामुळे तो रकाना सगळ्याच नर्स अंदाजाने भरतात. वीस लिहिलं की कुणी काही विचारत नाही. जाधव सिस्टर मात्र प्रत्येकीजवळ स्टूल ओढून बसायच्या. मनगट हातात धरायच्या, नाडी मोजतेय असं दाखवायच्या, आणि बघायच्या छातीकडे. आपले श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून हे नाटक.

"म्हणजे पेशंटला फसवायचंच की," मी म्हटलं.

"हो, फसवायचंच," त्या शांतपणे म्हणाल्या. "चार्टवर खरं उतरावं म्हणून."

मला ते पटलंही नि पटलंही नाही. ही बाई एरवी खोट्याच्या इतकी विरुद्ध, की इंजेक्शन देताना "दुखणार नाही हं" एवढंसुद्धा आम्हाला म्हणू द्यायची नाही. "दुखेल, पण लवकर संपवते" असं म्हणायचं. लहान मुलांनासुद्धा. मुलं भोकाड पसरायची ती पसरायचीच, पण पुढच्या वेळी हात पुढे करायची, हे मी बघितलंय.

त्यांची पेशंटला विचारायची पद्धतही और. फॉर्मवर नाव, वय, आजार, ऍलर्जी असं असतं. ह्या विचारायच्या, घरी कोणत्या कुशीवर झोपता? पोटभर जेवण शेवटचं कधी झालं? घरची किल्ली कुणाकडे आहे? मी म्हणायची, सिस्टर, पेशंट ऍडमिट करताय की सोयरीक जमवताय. एकदा डोंबिवलीच्या एक आजी आलेल्या. तीन दिवस काही खाईनात. चार्टवर आम्ही सगळ्यांनी छान इंग्लिशमध्ये लिहिलेलं की पेशंट तोंडाने काही घेत नाही. डॉक्टर नाकातून नळी टाकायच्या तयारीत. जाधव सिस्टर सुट्टीवरून आल्या, स्टुलावर बसल्या, आजींना म्हणाल्या, "आजी, घरी काय काय राहिलं?" आजींनी ओशाळून तोंडावर पदर घेतला. कवळी घरी राहिलेली, स्टीलच्या डब्यात, आणि जावयासमोर ते सांगायची लाज वाटत होती. संध्याकाळी डबा आला नि आजींनी दोन चपात्या खाल्ल्या. आम्ही तिघी शिकलेल्या नर्सा, डोंबलाचं शिक्षण.

म्हणजे बाई हुशार, प्रेमळ, देवमाणूस, असं लिहून मी मोकळी होऊ शकते. त्यांच्या सेंडऑफला सगळे तसंच बोलले. पण त्याच वॉर्डातलं दुसरंही सांगितलं पाहिजे.

एक चाळिशीची बाई होती, पोटात गाठ. रिपोर्ट वाईट आला. नवऱ्याने हात जोडून सांगितलेलं, हिला कळू देऊ नका, ही खचेल. डॉक्टर हो म्हणाले. दोन दिवसांनी त्या बाईने जाधव सिस्टरांचा हात धरून विचारलं, "सिस्टर, मला कॅन्सर आहे का हो?" मी शेजारच्या बेडवर सलाईन लावत होते. मी असते तर म्हटलं असतं, छे हो, काहीतरीच काय. जाधव सिस्टर म्हणाल्या, "मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पण हे सांगायचं काम माझं नाही. डॉक्टरांना आणि तुमच्या मिस्टरांना आत्ता इथे बोलावते, तुम्ही त्यांना विचारा." आणि खरंच बोलावलं. आता ह्याच्यात न सांगण्यासारखं राहिलं काय? नवरा कॉरिडॉरमध्ये त्यांच्यावर एवढा ओरडला की खालून वॉचमन वर आला. मेट्रनने मेमो दिला. त्यांनी तो घडी करून आलेपाकाच्या खिशात ठेवला.

मला तेव्हा वाटलं, वा, ह्याला म्हणतात नर्स. पण ती बाई दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिसऱ्या दिवशी मी चादर बदलत असताना मला म्हणाली, "कशाला विचारलं गं मी." मी हे जाधव सिस्टरांना जाऊन सांगितलं. वाटलं, त्या काहीतरी समजावतील. त्या म्हणाल्या, "हं. तिच्याजवळ बसते जरा," आणि ड्यूटी संपल्यावर तासभर तिच्या उशाशी बसून तिचे केस विंचरत राहिल्या. तुम्ही केलंत ते बरोबर की चूक, असं मी नंतर विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माहीत नाही." आणि चहा प्यायला गेल्या.

हे त्यांचं ‘माहीत नाही’ पुढे माझ्याच वाट्याला येणार होतं.

दोन वर्षांनी आम्हा दोघींना पुरुषांच्या वॉर्डात टाकलं. तोपर्यंत मी बऱ्यापैकी सुधारलेले. श्वास मोजायची. रोज नाही, पण जमेल तेव्हा. सिस्टर ड्यूटीवर असल्या की नक्कीच. तिथे कोपरीचे भोईर काका होते. साठी ओलांडलेली, जिन्यावरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. बोलका माणूस, मला ‘सावंतीन बाय’ म्हणायचा. मुलगा नीलेश पिठाची गिरणी बंद ठेवून दिवसभर उशाशी.

त्या सकाळी माझ्याबरोबरची नर्स शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेली, ती आलीच नाही. एकतीस पेशंट आणि मी एकटी. बाराचा राउंड मी पळतपळत मारला. भोईर काकांना ताप नाही, बीपी ठीक, बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन चौऱ्याण्णव. म्हणजे ठीकच की. काका काहीतरी म्हणाले, मी "आले हं काका" म्हणून पुढच्या बेडला गेले. श्वास लिहिला वीस. त्यांचाच नव्हे, एकतिसांचा.

दीडला जाधव सिस्टर चार्ज घ्यायला आल्या. भोईर काकांजवळ बसल्या, मनगट धरलं, आणि मिनिट संपायच्या आधीच उठल्या. चौतीस. डॉक्टरांना फोन केला, ऑक्सिजन लावला, पलंगाचं डोकं उंच केलं, हे सगळं करता करताच मला विचारलं, "बाराला किती होते?"

"वीस."

"मोजलेस?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टर आले, त्यांनी चार्ट बघितला, म्हणाले, बारापर्यंत नॉर्मल होते, म्हणजे हे आत्ता अचानक झालंय. फुफ्फुसात गुठळी अडकली होती. काकांना आयसीयूत नेलं. नऊ दिवस ते मशीनवर होते. दहाव्या दिवशी गेले.

त्यातल्या दुसऱ्याच दिवशी मी जाधव सिस्टरांना लिनन रूममध्ये गाठलं नि रडत रडत सांगितलं, सिस्टर, मी मोजलं नव्हतं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"मग तेव्हाच डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"मी त्यांना चौतीस सांगितले. इलाज त्याच्यावर होणार होता, तुझ्या वीसवर नाही. तो आकडा तुझा आहे, तो तू सांगायचा. चल."

मला हाताला धरून मेट्रनकडे घेऊन गेल्या. मी सगळं सांगितलं. जाधव सिस्टर शेजारी उभ्या होत्या. मला वाटलेलं, त्या माझी बाजू घेतील. त्यांनी एक अक्षर माझ्या बाजूने काढलं नाही. फक्त शेवटी म्हणाल्या, "मॅडम, एकतीस पेशंटना एकच नर्स होती, तेही त्याच कागदावर लिहा." मेट्रनने मला मेमो दिला आणि बजावलं, नातेवाइकांपर्यंत हे जाता कामा नये. आधीच घाबरलेल्या घरच्यांना का त्रास द्यायचा, वगैरे.

काकांचं कार्य झाल्यावर नीलेश वॉर्डात आला. वडिलांच्या नावाने एक व्हीलचेअर घेऊन आलेला. माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "ताई, तुम्ही बाबांचं लय केलंत." मी "नाही हो" असं काहीतरी पुटपुटले. जाधव सिस्टर समोर औषधांच्या ट्रॉलीशी उभ्या होत्या. त्या मला खूण करतील, डोळे वटारतील, निदान मान हलवतील म्हणून मी बघत राहिले. त्या गोळ्या काढत राहिल्या. नीलेश गेला. त्या व्हीलचेअरवर पेशंट बसवायची वेळ आली की मी वॉर्डातल्या मावशींना पुढे करायची.

मला एकच गोष्ट हवी होती. मी बाराला मोजलं असतं तर काका वाचले असते का? डॉक्टरांना विचारायची हिंमत नव्हती. जाधव सिस्टरांना मी विचारलं. जेवायच्या सुट्टीत विचारलं, ओपीडीच्या लिफ्टमध्ये विचारलं, त्यांच्या नातीच्या बारशाला गेलेले तेव्हा स्वयंपाकघरात विचारलं. दर वेळी एकच उत्तर, "माहीत नाही." ना कमी ना जास्त. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, हो तरी म्हणा, नाही तर नाही तरी म्हणा. चार लोक बोलतात तसं बोला की माझ्याशी." त्या म्हणाल्या, "जे मोजलंच नाही त्याचं मी काय सांगू?" आणि अर्धा आलेपाक माझ्या हातावर ठेवला. मला तो फेकून द्यावासा वाटला. फेकला नाही, खाल्ला.

चार वर्षं हे असं चाललं. मग त्या रिटायर झाल्या, मी वॉर्ड सोडून शिकवायला लागले. डोंबिवलीहून कल्याण जवळ, असं मी घरी कारण सांगितलं.

गेल्या वर्षी वर्गात नर्सिंगची नीतिमत्ता शिकवत होते. चूक झाली तर पेशंटपासून, नातेवाइकांपासून लपवायची नाही, हा धडा. मी तो खणखणीत आवाजात शिकवला, आणि शिकवता शिकवता माझी मलाच एवढी शरम वाटली, की दुसऱ्या दिवशी रजा टाकून कोपरीला गेले. नीलेशची गिरणी चालू होती. भुवयांवर पीठ. मला बघून त्याने मशीन बंद केलं, खुर्ची पुसून दिली. मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. वीस, एकतीस पेशंट, मी मोजलं नव्हतं, हे सगळं.

तो म्हणाला, "ताई, बाबा दहा वाजल्यापासून सांगत होते, दम लागतोय. बारानंतर पण तेच, तर मीच म्हटलं, गप पडा ओ. सिस्टर बघून गेली, सगळं नॉर्मल लिवलंय." आणि त्याने परत मशीन चालू केलं. मी त्याच्या पाठीला "येते" म्हटलं नि निघाले.

खरं सांगते, स्टेशनपर्यंत चालताना मला हलकं वाटत होतं. इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं तसं. कधी एकदा जाधव सिस्टरांना सांगते असं झालं. रिक्षा करून थेट वर्तकनगरला गेले. त्यांचे गुडघे तोवर पार गेलेले, दम्यासारखा खोकलाही लागलेला. बुद्धाच्या मूर्तीपुढची फुलं बदलत होत्या. मला चहा दिला. मी सांगितलं. कौतुक करतील म्हणून थांबले.

"तो काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

मी दहा वाजल्याचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"तुला बरं वाटलं?"

"हो," मी म्हटलं.

"आणि त्याला?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. ह्या बाईने मला हाताला धरून मेट्रनपुढे नेलेलं. खरं सांग म्हणून. आता खरं सांगून आले तर ही अशी बघते. मी म्हटलं, "सिस्टर, मग नव्हतं सांगायचं का?"

"सांगायचंच होतं. सांगून लगेच उठायचं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.

मी परोपरीने सांगितलं, उद्या जाऊ, गुडघे बघा तुमचे. ऐकतील तर शपथ. रिक्षाने आम्ही कोपरीला गेलो. नीलेशचं घर गिरणीच्या वर, जिना उभा. त्या एकेक पायरी आडव्या होऊन चढल्या. वर पोचल्यावर दोन मिनिटं त्यांना बोलताच येईना. नीलेश दुपारचा जेवायला आलेला, ताट तसंच पुढ्यात. त्याने त्यांना ओळखलं, उठून उभा राहिला. त्या त्याच्यासमोर खाली जमिनीवरच बसल्या. मी दाराशी.

त्यांनी आधी काकांबद्दल विचारलं. काय काम करायचे, कुणावर चिडायचे. तो हळूहळू बोलायला लागला. अर्धा तास गेला असेल. मग त्याने ताटाकडे बघत विचारलं, "सिस्टर, मी दहा वाजता बोंब मारली असती तर बाबा वाचले असते का?"

हा माझाच प्रश्न. चार वर्षं मी विचारलेला. उत्तर मला पाठ होतं.

"नाही," जाधव सिस्टर म्हणाल्या.

त्याने वर बघितलं.

"नाही वाचले असते. गुठळी मोठी होती. तुम्ही बोंब मारली असती तरी तेच झालं असतं. मी तिथे होते, मला माहीत आहे."

आवाजात कुठे कंप नाही, काही नाही. नीलेश पालथ्या मुठीने डोळे पुसत होता. त्या थोडा वेळ तशाच बसल्या, मग त्याला म्हणाल्या, जेवून घ्या, भात गार होतोय.

खाली आल्यावर बसस्टॉपपर्यंत आलो नि मला राहवलं नाही. राग म्हणा, हेवा म्हणा, काय ते मला आजही कळत नाही. मी म्हटलं, "सिस्टर, हे खरं होतं?"

त्या बस येते का ते बघत राहिल्या.

"खरं असेल तर मला चार वर्षं का नाही सांगितलंत? आणि खोटं असेल तर तुम्ही खोटं बोललात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दमलेल्या होत्या, कपाळावर घाम होता.

"अगं, तो मुलगा आहे," त्या म्हणाल्या. "तू नर्स आहेस."

तेवढ्यात वर्तकनगरची बस आली. मी रिक्षा करू म्हणत होते, त्या ऐकल्या नाहीत. पावसाळा संपता संपता त्या गेल्या. मी कॉलेजच्या परीक्षेत होते, मला दुसऱ्या दिवशी कळलं. आता ते ‘नाही’ खरं की ते ‘माहीत नाही’ खरं, हे विचारायला माणूस उरलेलं नाही. त्या दिवशी कंडक्टरने त्यांना हात देऊन वर घेतलं. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, वाटलं बघतील. पण त्यांच्या शेजारी कडेवर मूल घेतलेली एक बाई बसलेली, नि जाधव सिस्टर तिच्याकडे वळून तिला काहीतरी विचारायला लागल्या होत्या.